अर्धा मिनिट शांतता

एसी बंद करायला सांगणारी बाई युनिटमध्ये कोणालाच आवडत नाही, आणि अपूर्वा शेजवलकर हे वैर गेली कित्येक वर्षं निगुतीने सांभाळत आली होती. ती साउंड रेकॉर्डिस्ट होती. काम ऐकण्याचं, पण दिवस सगळा बोलण्यात जायचा. एसी बंद करा. तो पंखा बंद करा. दादा, ते चिप्सचं पाकीट खाली ठेवा. जनरेटर अजून लांब न्या. कॅमेरावाल्याने ‘पाच मिनिटं’ म्हटलं की अख्खं युनिट अदबीने अर्धा तास थांबायचं. अपूर्वाने ‘एक मिनिट’ म्हटलं की लोक सुस्कारे टाकायचे, आणि ते सुस्कारेही रेकॉर्ड व्हायचे.

त्यात मे महिना, आणि शूटिंग फरीदाबादला.

जागा मात्र तिनेच पसंत केली होती, त्यामुळे तक्रारीला तोंड नव्हतं. कारखान्यांच्या शेड संपतात आणि नुसतीच कुंपणं घातलेली रिकामी जमीन सुरू होते, तिथे बटाट्याचं एक बंद पडलेलं कोल्ड स्टोरेज होतं. हातभर जाड भिंती, त्यांना आतून बुचाचं अस्तर, तिजोरीला असावं तसं एकच जाडजूड दार, खिडकी औषधालाही नाही. आत पाऊल टाकून दार ओढलं की हायवेवरचे ट्रक, डोक्यावरची विमानं, कुणाच्या तरी लग्नाचा डीजे, सगळं कापल्यासारखं थांबायचं. उरायचा तो जुन्या मातीचा आणि कुजक्या सालींचा वास. लोकेशन बघायला आले तेव्हा अपूर्वा त्या अंधारात डोळे मिटून उभीच राहिली होती. सगळा जन्म दिल्लीत काढला, पण इतकी शांतता तिने कधी ऐकली नव्हती.

‘हीच जागा,’ ती म्हणाली.

‘अपू, पहिल्यांदाच तू कशाला तरी हो म्हणालीस यार,’ इंद्रजित म्हणाला.

इंद्रजित दिग्दर्शक होता. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये दोघं एकाच जिन्यात वाढले, एकाच बसने शाळेत गेले. इतकी वर्षं त्याने टाइल्स आणि टूथपेस्टच्या जाहिराती केल्या, आणि आता त्याचा पहिला सिनेमा होता. सिनेमा पिशाचांचा, हिंदीत, आणि विनोदी. गुरुग्राममधलं एक पिशाच कुटुंब पॅथॉलॉजी लॅब चालवतं. फुल बॉडी चेकअप अर्ध्या दरात, सॅम्पल घरी येऊन घेणार. मात्र बोलावल्याशिवाय पिशाचाला कुणाच्या घरात पाऊल टाकता येत नाही, म्हणून बोलावणं गिऱ्हाइकानेच द्यायचं. गिऱ्हाइकं पाच-पाच स्टार देतात आणि पुन्हा कुणाला दिसत नाहीत.

त्यामुळे सेटवर रक्ताचा सुकाळ होता. साखरेचा पाक, त्यात खायचा लाल रंग आणि थोडी कोको पावडर, अशा बादल्याच्या बादल्या रोज घोटल्या जायच्या. सिलिकॉनची आतडी धुऊन दोरीवर वाळत घातलेली असायची आणि त्यांच्याखाली बसून लोक समोसे खायचे. मुंग्यांनी तर तिथे मुक्कामच ठोकला होता. मुख्य पिशाच झालेला उदयसिंह देखणा, भारदस्त नट होता, पण सुळे लावले की त्याला ‘स’ काय, ‘श’ही म्हणता यायचा नाही. ‘तुम्हारे खून में थुगर बहुत है,’ असं तो भयानक आवाजात म्हणायचा, आणि कॅमेऱ्यामागे कोणीतरी फिस्सकन हसायचं. पुन्हा टेक. पुन्हा ‘थुगर’. अपूर्वा कपाळाला हात लावायची.

आणि रिंकू होती. पिशाचांचं पहिलं गिऱ्हाईक. फरीदाबादचीच पोर, वडील ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, मूळ गाव कागलजवळ. आईवडील लग्नासाठी गावी गेले होते आणि ही इथे आयुष्यातला पहिला रोल करत होती. ‘ताई, माझा डायलॉग एकच आहे, “हाय मम्मी”. त्याच्यापुढे पूर्ण पिक्चर मी प्रेत,’ असं ती कौतुकाने सांगायची. गळ्यावरची रबरी जखम लावायला फार वेळ लागायचा, म्हणून दोन शॉटच्या मध्येही ती तळघराच्या सेटवर, स्टीलच्या टेबलावर तशीच पडून असायची.

पहिल्या दिवशी दुपारी एक सीन संपला. बाहेर रणरणतं ऊन, आत पिशाचांची निळसर रात्र. भाड्याने आणलेले दोन मोठे एसी अपूर्वाच्या हुकमावरून बंद, आणि चाळीसएक माणसं आपापल्या घामात शिजत होती.

‘कट! मस्त. चलो, लंच,’ इंद्रजित म्हणाला.

‘लंच नाही. रूम टोन.’

चाळीस सुस्कारे.

प्रत्येक जागेची शांतता निराळी असते. स्वयंपाकघराची वेगळी, देवळाची वेगळी. नंतर एडिटिंगमध्ये दोन वाक्यांमधली भोकं बुजवायला त्याच जागेची शांतता लागते. म्हणून सीन संपला की सगळ्यांनी आहे तिथे स्तब्ध उभं राहायचं, आणि नुसती ती खोली रेकॉर्ड करायची. अर्धा मिनिट. त्यालाच रूम टोन म्हणतात, आणि जेवणाच्या आधी तो मागणाऱ्या बाईला लोक मनात काय म्हणतात ते अपूर्वाला ठाऊक होतं.

‘सब चुप. कोई हिलेगा नहीं,’ तिने ओरडून सांगितलं आणि हेडफोन कानांवर दाबून धरले.

शांतता सुरेख होती. कुठल्याशा वायरची बारीक गुणगुण, आणि तिच्याखाली बुचाच्या भिंतींची ती जाड, गादीसारखी स्तब्धता. मग कोणीतरी घोट घेतला.

अपूर्वाने डोळे उघडले. जरा थांबून दुसरा घोट. पाण्याचा नव्हता. दाट काहीतरी, आणि पिणाऱ्याला कसलीही घाई नव्हती.

‘पानी कौन पी रहा है?’

कोणीच नाही. लोकांनी रिकामे हात वर केले. चहावाल्या दादाने तर आ करून दाखवला. ‘मैं कैथे पिऊँगा?’ उदयसिंहने आपले सुळे दाखवले.

तिने रूम टोन पुन्हा घेतला. पुन्हा घोट. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा सलग तीन.

‘जा, जेवा एकदाचे,’ ती म्हणाली.

जेवताना तिने ते हरिदासला ऐकवलं. हरिदास तिचा बूमवाला, म्हणजे लांब काठीच्या टोकाला लावलेला माइक नटांच्या डोक्यावर धरून उभा राहणारा माणूस. वडील फौजेत, गाव साताऱ्याकडे. हा दिल्ली कँटातच वाढला. त्याने पोळीचा घास तोंडात ठेवून दोनदा ऐकलं.

‘ताई, कोणीतरी लस्सी पितंय,’ तो म्हणाला. ‘बघा म्हणजे. आपल्याला पाणचट ताक, आणि प्रॉडक्शनवाल्यांना लस्सी.’

दुसऱ्या दिवशी अपूर्वाने चोर पकडायचा ठरवला. ज्या ज्या नटाच्या कपड्यांत बारीक कॉलर माइक लपवलेला होता, त्या प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकता येत होता. रूम टोन सुरू झाला तशी ती एकेक ऐकत गेली. उदयसिंहच्या माइकवर त्याची धाप. लॅबवाल्या नर्सच्या माइकवर साडीची सळसळ. रिंकूच्या माइकवर घोट.

इतका जवळून, की अपूर्वाने नकळत मान मागे घेतली.

तिने टेबलाकडे पाहिलं. रिंकू डोळे मिटून पडली होती. जखम ओलसर चकाकत होती. अपूर्वाच्या कानात घोट मागून घोट पडत होते आणि रिंकूचा गळा जराही हलत नव्हता.

‘रिंकू, आत्ता काही गिळलंस का तू?’ नंतर तिने विचारलं.

‘नाही ताई. मला तर झोप लागली होती. इथे पडलं ना, की बिल्कुल असं वाटतं, कोणीतरी घरातले एकेक दिवे बंद करत चाललंय.’

माइक काढताना अपूर्वाची बोटं तिच्या गळ्याला लागली. त्या भट्टीत, जिथे स्टीलचं टेबलसुद्धा तापलेलं होतं, पोरीची कातडी फ्रिजमधून काढल्यासारखी थंड होती. आणि आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. टेबलाचे पाय, सांडलेला पाक, बादल्यांचे काठ मुंग्यांनी काळे झाले होते. पण टेबलावर चढलेल्या मुंग्या रिंकूच्या खांद्यापाशी येऊन वळत होत्या. गळ्यावर, तेवढ्या गोड पाकात, एकही नव्हती.

मेकअपवाला तेवढा खूश होता. या मुलीला आता पांढरा रंग लावावाच लागत नाही, असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता.

उलगडा झाला तो एका लाइटवाल्याच्या धांदरटपणामुळे. ऐन रूम टोनमध्ये त्याच्या हातून पाना निसटला. ठण्ण! अपूर्वा त्याच्या अंगावर धावून जाणार, इतक्यात तिला जाणवलं, की घोट अर्ध्यावर तुटला होता. जेवायला बसलेल्या माणसाच्या दाराची बेल वाजावी आणि त्याने घास हातात धरून कान टवकारावे, तसं काहीतरी थांबलं होतं. खोली पुन्हा निवांत झाली. आणखी थोडा वेळ गेला. मग तो घोट पुरा झाला.

अपूर्वाने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

जे काही होतं ते शांततेची वाट बघत होतं. आणि दिवसातून चार-पाच वेळा, चाळीस माणसांना दटावून, ती शांतता त्याच्या पुढ्यात वाढणारी ती स्वतःच होती.

खरं सांगायचं तर तिला आधी भीती वाटलीच नाही, संताप आला. इतकी वर्षं हात जोडून, भांडून, वाईटपणा घेऊन ती शांतता मागत आली होती. एकदाची मिळाली, तर तिच्यात हे बसलेलं.

इंद्रजितला तिने बाहेर, पत्र्याच्या सावलीत गाठलं. त्याच्या हातात चहा होता. तिने हेडफोन त्याच्या कानांवर चढवले.

तो ऐकत राहिला. मग बोटानेच ‘पुन्हा’ अशी खूण केली.

‘अपू, कसलं भारी आहे हे! कुठून आणलंस?’

‘आणलं नाही. आतलं आहे. रिंकूच्या माइकवर येतंय, आणि सगळे गप्प असले तरच येतं.’

‘पूर्ण पिक्चरभर हाच आवाज ठेवायचा. लोक पॉपकॉर्न खाली ठेवतील बघ.’

‘इंद्रजित, मी काय सांगतेय? त्या पोरीकडे बघ जरा. तिच्या अंगात रक्त राहिलं नाहीये.’

‘अरे यार, तिला ओआरएस द्या ना कोणीतरी,’ तो म्हणाला, पण त्याचं लक्षच नव्हतं. त्याने डोळे मिटले होते. तिसऱ्यांदा ऐकताना हातातला कप कलला आणि चहा त्याच्या बुटांवर सांडत गेला, तरी त्याला कळलं नाही.

त्यानंतर अपूर्वाने रूम टोन मागितला नाही. उलट तिने आपल्या धंद्यातली सगळी पापं करून टाकली. ‘एसी चालू राहू दे,’ ती म्हणाली, तेव्हा युनिटमध्ये टाळ्या पडल्या. कोणीतरी तिच्यासाठी कुल्फी आणली. शॉट चालू असताना दाराला वीट लावून ते उघडं ठेवलं. दोन शॉटच्या मध्ये ती मोबाइलवर मोठ्याने गाणी लावायची, रिंकूच्या टेबलापाशी खुर्ची ओढून लाइटवाल्यांना जुने किस्से सांगायला लावायची. ‘मैडम को लू लग गई,’ लोक म्हणायचे. मायक्रोफोनमध्ये एसीची घरघर, ट्रक, हशा, सगळा उकिरडा भरत होता. असलं रद्दी काम तिने उमेदवारीच्या दिवसांतही केलं नव्हतं. हरिदास बूम खाली करून तिच्याकडे काळजीने बघायचा.

पण रिंकू हळूहळू माणसात आली. राजमा-चावलची दुसरी थाळी मागून घेतली. मेकअपवाला कुरकुरत पांढरा रंग शोधायला लागला.

बिनसलं ते इंद्रजितचं. त्याने तो आवाज स्वतःच्या फोनवर घेतला होता आणि इअरफोन कानांतून काढेनासा झाला होता. जेवताना, मीटिंगमध्ये, शॉट लावतानाही. ‘आज आला का?’ तो रोज विचारायचा, आणि नाही म्हटलं की चिडायचा. त्याच्या डब्यातली पोळी तशीच परत जायला लागली.

मग रिंकूचा शेवटचा शॉट आला.

‘एकच लांब टेक,’ इंद्रजितने सांगितलं. ‘कॅमेरा छतापासून सावकाश खाली येणार, तिच्या चेहऱ्यापर्यंत. एसी बंद, दार बंद. पूर्ण शांतता.’

‘प्रेताचा शॉट आहे. त्याला लाइव्ह साउंड कशाला? मी स्टुडिओत करून देते.’

‘मला लाइव्ह पाहिजे.’

‘का?’

‘तुला माहितेय का.’

‘मी नाही करणार हे, इंद्रजित. तिला काही झालं तर?’

‘मग मशीन ठेव इथे आणि जा घरी. बटण मलाही दाबता येतं,’ तो म्हणाला. चौथीपासून ती त्याला ओळखत होती. या आवाजात तो तिच्याशी कधी बोलला नव्हता.

निघून जाणं सोपं होतं. पण मग त्या दाराच्या आत रिंकू एकटी राहिली असती. बाकीच्या चाळीस जणांचा हिशेबच नको. अपूर्वा मशीनपाशी बसली. ‘ताई, टेन्शन घेऊ नको ना. नुसतं पडायचं तर आहे,’ टेबलावरून रिंकू म्हणाली.

दार लावलं गेलं. बाहेरचं जग तुटलं. एसी हुंदका देऊन थांबला. ‘ऍक्शन’ इतकं हळू म्हटलं गेलं, की ते ओठांवरूनच समजावं.

पहिला घोट लगेच आला. जणू कोणी ताटावर बसूनच होतं.

दुसरा. तिसरा. पूर्वीची सवड आता नव्हती. बरेच दिवस उपाशी ठेवलेल्याने प्यावं तसं ते पीत होतं.

कॅमेरा अंधारातून खाली सरकत होता. चाळीस माणसं पुतळ्यासारखी उभी होती. रिंकूच्या माइकवर, घोटांच्या मागे, तिचा श्वास ऐकू येत होता. तो बारीक होत चालला होता.

अपूर्वाने इंद्रजितकडे पाहिलं. त्याच्याही कानांवर हेडफोन होते. डोळे मिटलेले. प्रत्येक घोटाबरोबर त्याचा कंठमणी वर जाऊन खाली येत होता.

आणि मग तिच्या कानात दोन घोट एकदम पडले. एक रिंकूच्या माइकवर. दुसरा कुठल्या माइकवर, ते तिला सापडेना.

रिंकूचा श्वास थांबला.

अपूर्वा उठली. शेजारची रक्ताची बादली तिने दोन्ही हातांनी उचलली आणि सगळा जीव एकवटून लोखंडी खांबावर आपटली. पुन्हा आपटली. ती ओरडत होती, काय ते तिचं तिलाच कळत नव्हतं. पाक तिच्या केसांतून, चेहऱ्यावरून ओघळत होता.

‘कट!’ इंद्रजित किंचाळला. ‘सत्यानाश केलास तू!’

दिवे लागले. रिंकू उठली नाही.

‘क्या ऐक्टिंग है,’ मागून कोणीतरी म्हणालं, आणि दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

अपूर्वाने आणि हरिदासने तिला उचलून बाहेर उन्हात नेलं. तिचं वजन लागतच नव्हतं.

इस्पितळाच्या दारात वेगळाच गोंधळ झाला. वॉचमनने अपूर्वाकडे पाहून स्ट्रेचर तिच्याच पुढे ढकललं, आणि ‘ये नकली है, ये नकली है’ असं सांगून सांगून तिचा घसा बसला. आतली डॉक्टर दमलेली, वैतागलेली बाई होती. रिपोर्ट हातात घेऊन ती बाहेर आली. हिमोग्लोबिन चार. तिने रिंकूला दोनदा उलटंपालटं करून पाहिलं होतं. खरी जखम नाही, ओरखडा नाही, आत कुठे रक्तस्राव नाही. ‘फिर खून गया कहाँ?’ तिने अपूर्वालाच विचारलं, आणि मग नखशिखान्त लाल, मुंग्या चढत असलेल्या त्या बाईकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली.

रक्ताच्या बाटल्या चढवल्यावर रिंकू शुद्धीवर आली. शूटिंगचं तिला काही आठवत नव्हतं. मोठ्ठी झोप लागली होती, एवढंच ती सांगायची.

अपूर्वाने सिनेमा सोडला. संध्याकाळी तिने हरिदासला फोन केला. ‘उद्यापासून जाऊ नका. माझं ऐका.’

‘ताई, तुम्ही गेलात. आता मीही गेलो तर साउंडला कोण उरलं?’ तो म्हणाला. ‘मला काय करायचंय, नुसती काठी धरून उभं राहायचंय.’

तिने परोपरीने सांगितलं. तो ‘हो ताई, हो ताई’ म्हणत राहिला, आणि सकाळी गेला. तिथून पुढे त्याने तिचा फोन उचलला नाही.

रिंकूचे आईवडील गावाहून निघाले होते, पण गाडीचं रिझर्व्हेशन मिळेपर्यंत पोरीला इस्पितळात एकटं ठेवायला लताबाई तयार होईनात. लताबाई म्हणजे अपूर्वाची आई. कोणी अशक्त दिसलं की त्यांना चेव यायचा. मयूर विहारच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांनी रिंकूला दिवाणावर आडवं केलं, आणि बीट, खजूर, नाचणीची खीर, जे जे सुचेल ते तिच्या तोंडात घालायला सुरुवात केली. अपूर्वाने टीव्ही दिवसभर चालू ठेवला. मेट्रो गेली की खिडकीची तावदानं थरथरायची, खाली भाजीवाला माइकवरून तेच तेच ओरडायचा, वरच्या मजल्यावर कोणीतरी भिंतीला भोकं पाडत होतं. पूर्वी या आवाजांनी तिचं डोकं उठायचं. आता ते थांबले की तिचं बोट रिमोटकडे जायचं.

इंद्रजितचा फोन आला तेव्हा दुपार होती. लताबाई थालीपिठं लावत होत्या. रिंकू भिंतीला टेकून मासिक चाळत होती. गालांवर थोडा रंग दिसायला लागला होता.

‘अपू! रागावलीस ना माझ्यावर?’ त्याचा आवाज टवटवीत, अगदी कॉलेजातल्यासारखा होता. ‘सोड ते, ऐक, आम्ही तू गेल्यावर रूम टोन घेतला, अर्धा मिनिट-बिनिट नाही, मी म्हटलं चालू राहू दे, तर कोणी हललंच नाही, कोणी खोकलंसुद्धा नाही, तू असतीस तर रडली असतीस इतका सुंदर रूम टोन, आणि तेव्हापासून युनिटचं काय झालंय माहितेय, सगळे एकदम शिस्तीत, सकाळी सांगितलं की रात्रीपर्यंत उभे, एसी परत पाठवून दिले मी, कोणाला उकडतच नाही, आणि केटरिंगवाल्यालाही उद्यापासून येऊ नको म्हटलं, जेवतंय कोण?’

‘हरिदास कुठेयत?’ अपूर्वाने विचारलं.

‘हा काय, माझ्या शेजारीच उभाय, कमाल माणूस आहे, काल पूर्ण दिवस बूम डोक्यावर धरून उभा होता, हात थरथरला नाही त्याचा, आणि उदयसिंहचा “स” पण सुधारला, आता ते नकली दात लावतच नाही आम्ही त्याला, तर मी काय म्हणत होतो, एकच दिवसाचं काम उरलंय, रिंकूचा तो शॉट पुन्हा घ्यायचाय, तुझ्याकडेच आहे ना ती?’

अपूर्वाने फोन कानाशी घट्ट धरला. ती ऐकत होती. तेच तर तिचं काम होतं. माणसांच्या बोलण्यातले श्वास तिने हजारो वेळा कापले होते, जोडले होते. माणूस कितीही उत्साहात असू दे, शब्द संपत आले की त्याला हवा आत ओढावीच लागते. इंद्रजित बोलत होता, हसत होता, प्रश्न विचारत होता, आणि फोन उचलल्यापासून आत्तापर्यंत त्याने एकदाही श्वास घेतला नव्हता.

‘कोण गं? इंद्रजित का?’ स्वयंपाकघरातून लताबाईंचा खणखणीत आवाज आला. ‘कित्ती दिवसांत आला नाही मेला! त्याला म्हणावं, थालीपिठं केलीयत, ये जेवायला. आणि एकटा नको येऊस, सगळ्यांना घेऊन ये म्हणावं!’

अपूर्वाने फोनवर हात दाबला. उशीर झाला होता.

पलीकडे कुठलाच आवाज नव्हता.

‘काकूंना सांग,’ इंद्रजित म्हणाला, ‘येतो.’

आणि मग इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याने श्वास आत घेतला. नाकाने. वाढलेल्या ताटाचा वास घ्यावा तसा, सावकाश.